वहीत सगळं नियमात, तरी पोरांची कोपरं का जातायत?

स्कोअरवही

प्रश्न लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. अकरा वर्षं झाली, आमच्या गावातल्या विद्यापीठाच्या बेसबॉल टीमचा घरचा एकही सामना मी चुकवलेला नाही. तिसऱ्या बेसच्या बाजूला, आठवी रांग, खांबाच्या अलीकडची खुर्ची. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या बिग टेन गटातली टीम आहे, एवढंच सांगतो. नाव मुद्दाम देत नाही, कारण पिचर (चेंडू टाकणाऱ्या) पोरांचे आईबाप माझ्या मागच्याच रांगेत बसतात आणि मला त्यांच्याशी उद्याही बोलायचंय.

माझ्याकडे वही असते. सगळे आकडे फोनवर मिळतात हे ठाऊक आहे, तरी वही. टाकलेल्या प्रत्येक चेंडूला एक रेघ, पाचवी आडवी. बाहेरगावचे सामने घरी स्क्रीनवर बघतानाही रेघा चालूच. बायको म्हणते, "तुम्ही खेळ बघत नाही, दूधवाल्याचा हिशेब ठेवता." खोटं नाही ते.

तर यंदाचा हिशेब असा. रोस्टर, म्हणजे टीमची यादी, आता ३४चा. कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या हाउस खटल्याच्या तडजोडीला जून २०२५मध्ये कोर्टाची मान्यता मिळाली, आणि आमच्या विद्यापीठाने ती स्वीकारल्यामुळे आधीच्या ४०तली सहा पोरं कमी झाली. त्या ३४त पिचर १६, आणि त्या १६त फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे, ७. दोन जुनेजाणते हात ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलायची यादी) दक्षिणेला गेले, एकाला जुलैच्या ड्राफ्टने (व्यावसायिक संघांची निवड) नेलं. उरलेल्यांतला खरा भरवशाचा, शुक्रवारचे सामने सुरू करणारा सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचा), त्याचं ऑक्टोबरात टॉमी जॉन, म्हणजे कोपराचं लिगामेंट (सांधेबंध) नव्याने बसवायची शस्त्रक्रिया, झालं. म्हणजे हंगाम उघडायच्या आधीच एक विकेट. (सवय जात नाही, समजून घ्या.)

हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो तेव्हा आमच्या मैदानावर बर्फ असतो. म्हणून पहिले चार वीकेंड ॲरिझोना, टेक्सस, फ्लोरिडा असं फिरायचं. तिसऱ्या वीकेंडला शनिवारच्या ज्युनियरने (तिसऱ्या वर्षाचा) चौथ्या इनिंगमध्ये एक स्लायडर (वळणारा चेंडू) टाकला आणि हात दोनदा झटकला. ट्रेनर बाहेर आला. संध्याकाळी टीमकडून निरोप: कोपराखालचे स्नायू आखडलेत. ज्याने दोन-चार वर्षं हा खेळ बघितलाय त्याला या वाक्याचा अर्थ माहीत आहे. पत्रिकेत 'किरकोळ मंगळ' लिहितात ना, तसं ते. मार्चअखेर ताशी ९६ मैलांनी टाकणारा उजवा फ्रेशमन खांद्यामुळे बसला.

आता सगळा भार एका डावखुऱ्यावर. वय १८. पोरगा गुणी आहे, चेंजअप असा टाकतो की बॅटर आधी वाकतो आणि चेंडू मागून येतो. कोचचा त्याच्यावर फार विश्वास, म्हणजे शेवटच्या इनिंगा त्याच्याच.

माझी अडचण इथे आहे. एनसीएएमध्ये (कॉलेज खेळांची संस्था) चेंडूंची मर्यादाच नाही, म्हणून मी एमएलबी (व्यावसायिक मेजर लीग) आणि यूएसए बेसबॉलचा पिच स्मार्ट हा चेंडू-विश्रांतीचा तक्ता लावून बघतो. १७-१८ वयाला दिवसाला जास्तीत जास्त १०५. ३० चेंडूंपर्यंत विश्रांती नको, ४५पर्यंत एक दिवस, ६०पर्यंत दोन, ८०पर्यंत तीन, त्यावर चार. डावखुऱ्याचा मागच्या आठवड्याचा हिशेब: शुक्रवार १८, रविवार २६, मंगळवार २२. तक्त्याप्रमाणे एक दिवसही सुट्टी लागत नाही. सगळं नियमात. खांद्याने बसलेल्या उजव्याचंही असंच होतं, वही उलटून बघितली.

मग पोरं का पडतायत? कोच चुकतोय, हिवाळ्यातला सराव चुकतोय, की नशीब? की माझी वहीच चुकतेय?

---

उंटावरचा

वही बरोबर आहे, काळजी चूक आहे. पिचरचा हात ही माणसाने न करण्याची गोष्ट करण्यासाठीच असते. काही टिकतात, काही तुटतात.

२००९च्या ३० मे रोजी ऑस्टिनच्या रीजनलमध्ये (राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी) टेक्सस आणि बॉस्टन कॉलेज २५ इनिंग खेळले, एरवी नऊ असतात. टेक्ससच्या ऑस्टिन वुडने रिलीफला (मध्येच बदली) येऊन १३ इनिंग टाकल्या, १६९ चेंडू. आजच्या कोचने तसं केलं तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल. आणि लांब कशाला, २०२३मध्ये लुइझियाना स्टेटच्या (एलएसयू) पॉल स्कीन्स या पिचरने हंगामात २०९ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तेवढे बॅटर एकट्याने बाद केले. ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये वेक फॉरेस्टविरुद्ध आठ इनिंग, १२० चेंडू. पुढच्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये पहिला, २०२४ला रूकी ऑफ द इयर, २०२५ला साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा किताब. कुठे काय झालं?

१८-२६-२२वर रडताय तुम्ही. पोराला तूप-रोटी घाला आणि टाकू द्या.

---

फिजिओताई

उंटावरचा, स्कीन्सचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं, ते शेवटी सांगते. आधी कोपर.

मी खेळाडूंच्या पुनर्वसनात काम करते, त्यात बेसबॉलवाले बरेच. कोपराच्या आतल्या बाजूला, आपटलं की झिणझिण्या येतात त्या हाडाखाली, एक छोटं लिगामेंट असतं, यूसीएल. वरवर बघाल तर बुटाच्या नाडीच्या तुकड्याएवढं. हात मागे पूर्ण उलटा जातो आणि पुढे सुटतो त्या क्षणी खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या वेगाने फिरतो आणि कोपराला आतून साधारण ६४ न्यूटन-मीटरचा पीळ सोसावा लागतो. मृतदेहाच्या कोपरांवरच्या चाचण्यांत ते लिगामेंट एकटं साधारण ३२लाच तुटलं. म्हणजे अर्धा भार दुसरं कुणीतरी उचलत असतं. ते म्हणजे कोपराखालचे, बोटं आणि मनगट वाकवणारे स्नायू. ते ताजे असतात तोवर लिगामेंटला आडोसा असतो. ते दमले की आडोसा जातो.

म्हणून स्कोअरवही, 'कोपराखालचे स्नायू आखडलेत' या निरोपाला तुम्ही हसता ते बरोबर, पण तो नेहमी खोटा नसतो. पहारेकरी थकल्याची ती पहिली आरोळी असते. प्रश्न एवढाच की त्यानंतर काय करतात.

बर्मिंगहॅमच्या एएसएमआय संस्थेने, डॉ. जेम्स अँड्र्यूज यांची ती, वाढत्या वयाच्या पिचरांचा अभ्यास केला होता. त्यात शस्त्रक्रियेपर्यंत गेलेली पोरं आणि न गेलेली पोरं ताडून बघितली. वर्षाला आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्यांना धोका पाचपट. सामन्यात सरासरी ८०च्या वर चेंडू टाकणाऱ्यांना चौपट. आणि हात दमलेला असताना वारंवार टाकणाऱ्यांना ३६पट. चार, पाच आणि ३६. मी हे आकडे पालकांना सांगते तेव्हा ते पहिले दोन लिहून घेतात, कारण ते मोजता येतात. तिसऱ्याला रकाना नसतो.

तुमच्या वहीतही नाही. दमणूक चेंडूंच्या संख्येतून अर्धीच दिसते. खुर्चीवरून बघायचं तर हे बघा: चेंडू सुटतो तो हाताचा बिंदू खाली येतोय का, फास्टबॉल वर राहतोय का, दोन चेंडूंच्या मधला वेळ वाढतोय का, माउंडच्या (पिचरचा उंचवटा) मागे जाऊन बोटं उघडमीट करतोय का. वेग दोन-तीन मैलांनी उतरला तर कोचला वेग मोजायच्या रडार-बंदुकीवर दिसतोच, पण हुशार पोरगा वेग टिकवतो आणि किंमत दुसरीकडून वसूल होते.

त्यात वय. १८व्या वर्षी पाय, कंबर, पाठ वजनं उचलून पटकन ताकद धरतात. लिगामेंट त्या घाईने जाड होत नाही. इंजिन ट्रकचं आणि दोरी सायकलची. डिसेंबर २०२४मध्ये एमएलबीने पिचरांच्या दुखापतींवर ६२ पानी अहवाल काढला, त्याचाही रोख वेगावर, चेंडूच्या 'स्टफ'वर (वळण आणि फिरकी) आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकण्यावर आहे. २००८ला मेजर लीगमध्ये फोर-सीम फास्टबॉलची सरासरी ताशी ९१.३ मैल होती, २०२४ला ९४.२. आणि ते वेडे आकडे खाली कॉलेजात, शाळेत उतरतात, कारण स्काउट, म्हणजे संघांसाठी पोरं हेरणारा, तेच बघायला येतो.

आता स्कीन्स. तो नेहमीच्या हंगामात बहुतेक शुक्रवारी टाकायचा. शुक्रवार ते शुक्रवार मध्ये सहा दिवस. मेजर लीगच्या स्टार्टरलाही (सामना सुरू करणारा पिचर) एवढी विश्रांती नसते. १२० चेंडू जास्तच आहेत, पण एकदाच टाकायचे, एकदाच गरम व्हायचं, मग सहा दिवस दुरुस्ती. कॉलेजच्या वेळापत्रकात स्टार्टर त्या मानाने सुखी. जीव जातो तो तुमच्या डावखुऱ्यासारख्याचा, ज्याला कधी बोलावतील ते कुणालाच माहीत नाही.

---

डगआउटची_आई

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा मुलगा दक्षिणेतल्या एका कॉलेजात पिचर आहे. १९व्या वर्षी त्याचं हेच ऑपरेशन झालं. सर्जनने आम्हाला समोर बसवून अंगठा आणि करंगळी जुळवायला सांगितलं, मनगट जरा वाकवून. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर येते. तोच तंतू काढून कोपरात बसवतात. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनवर पहिल्यांदा केलं तेव्हाही उजव्या हातातला तंतू डाव्या कोपरात लावला होता. साधारण सातांतल्या एकाला तो तंतूच नसतो. माझ्या मुलाला नव्हता. आम्ही तिघं त्या खोलीत अंगठा-करंगळी जुळवून बसलो होतो, माझ्या हातावर दोरी, याच्या बाबांच्या हातावर दोरी, आणि ज्याला हवी त्याच्या हातावर काही नाही. मग मांडीतून काढला.

पुढचे महिने काय सांगू. बिजागरीचं ब्रेस, त्याला तबकडी, दर आठवड्याला थोडे अंश जास्त उघडायची. डाव्या हाताने दात घासायला शिकला. पहिला चेंडू टाकला तो साडेचार महिन्यांनी, ४५ फुटांवरून, त्याच्या बाबांकडे. इतका हळू की आमचा कुत्रा मध्येच पकडेल असं वाटलं. माउंडवर परत यायला चौदा महिने. टॉमी जॉन परतल्यावर आणखी १६४ सामने जिंकला, हे मला त्या काळात भेटलेल्या प्रत्येकाने सांगितलं. प्रत्येकाने.

तुम्ही विचारलंत कोच चुकतो का. मी तेव्हा कोचवर फार चिडले होते. आता वाटतं, त्या खोलीत आणखी एक चूक होती, ती आमच्या घरातली. कोच रोज विचारायचा, "हात कसा आहे?" आणि मुलगा रोज म्हणायचा, "मस्त." नंतर मला कळलं की जानेवारीपासून त्याला दाराची मूठ फिरवताना दुखत होतं. दाराची मूठ! पण त्याच्या जागी यायला पोर्टलमधून एक जण आला होता, आणि रोस्टरमध्ये जागा मोजक्या. हिवाळ्यात त्याने जड चेंडूंचा कार्यक्रम केला, चार मैल वेग वाढला, आम्ही आजीला फोन करून सांगितलं. चार मैल कुठून आले हे कुणी विचारलं नाही.

एक गोष्ट उपयोगी पडली ती सांगते. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात दुखापत झाली आणि ३० टक्क्यांपेक्षा जास्त सामन्यांत उतरला नसेल तर ते वर्ष परत मिळू शकतं, मेडिकल रेडशर्ट. पोरं 'आणखी एक सामना, आणखी एक सामना' करत ती रेघ ओलांडतात आणि मग हातही जातो, वर्षही जातं. मागच्या रांगेतल्या आईबापांना हे माहीत आहे का विचारा.

---

उंटावरचा

तूप-रोटीचं मागे घेतो. ताई, मुलगा आता कसा आहे?

---

डगआउटची_आई

टाकतोय. रविवारी दोन इनिंग. मी हल्ली फोनवर हात कसा आहे विचारत नाही, बरणीचं झाकण कोणत्या हाताने उघडलंस विचारते.

---

स्कोअरवही

ताई, दाराच्या मुठीचं वाचून मी वही बंद करून बराच वेळ बसलो.

फिजिओताई म्हणाल्या 'कधी बोलावतील ते कुणालाच माहीत नाही', ते डोक्यात राहिलं. या वीकेंडला मी अकरा वर्षांत पहिल्यांदा जागा बदलली. डाव्या फील्डच्या रेषेबाहेर आमचं बुलपेन (पिचर हात गरम करतात ती जागा) आहे, जाळीला लागून तीन लाकडी बाक. तिथून होम प्लेट नीट दिसत नाही, म्हणून तिथे फक्त शाळकरी पोरं आणि सिगारेट ओढायला आलेले लोक बसतात. शनिवारी तिथे जाऊन बसलो. वहीचं डावं पान एरवी कोरं असतं. त्यावर बुलपेन लिहायचं ठरवलं.

चौथ्या इनिंगला आपला स्टार्टर दोन वॉक (बॅटरला फुकटचा बेस) देऊन बसला. डगआउटमधून, कोच बसतात तिथून, हात वर झाला. डावखुऱ्याने हुडी काढली, बाकावर नीट घडी केली (नीट घडी! १८ वर्षांचा मुलगा), आणि उठला. १७ चेंडू. तेवढ्यात डबल प्ले झाला, इनिंग संपली. "बस." हुडी पुन्हा अंगात. तापमान ४३ फॅरनहाइट, म्हणजे सहा सेल्सिअस, वारा आउटफील्डकडून.

सहाव्याला पुन्हा हात वर. हुडी, घडी. या वेळी २१. शेवटचे सहा-सात असे की कॅचरच्या मिटचा आवाज पार्किंगपर्यंत गेला असेल. आत दुसऱ्यालाच पाठवलं, कारण समोरच्यांनी उजव्या हाताचा बॅटर बदली आणला. डावखुरा बसला.

आठव्याला तिसऱ्यांदा. १४. आम्ही सात रनांनी पुढे गेलो, मग काय गरज. बसला. त्याने बर्फाची पिशवीसुद्धा मागितली नाही, कारण तो 'खेळलाच' नव्हता.

बेरीज ५२. दुसऱ्या दिवशी बॉक्स स्कोअर (सामन्याचा अधिकृत तक्ता) बघितला, त्यात त्याचं नावही नाही.

रविवारी तो खरंच आत गेला. अधिकृत चेंडू २४. पण त्याआधी बुलपेनात १९ आणि माउंडवर आल्यावर सरावाचे ७. म्हणजे ५०. दोन दिवसांचे कागदावर २४ आणि हातावर १०२. अकरा वर्षं मी उजवं पान लिहीत होतो, मंडळी.

मग घरी येऊन मार्चमधल्या त्या उजव्या फ्रेशमनची पानं पुन्हा काढली. जिथे जिथे तो खेळला नाही म्हणून मी 'विश्रांती' लिहिलं होतं, तिथे आता पेन्सिलीने प्रश्नचिन्हं आहेत. चौदा.

---

जाळीमागचा

माझं मराठी आईच्या फोनवरचं आहे, चुका पोटात घाला. मी कॉलेजात चार वर्षं बुलपेन कॅचर होतो. टीमच्या फोटोत शेवटच्या रांगेत, उन्हामुळे डोळे मिटलेला, तो मी. त्यामुळे हा विषय माझा आहे, फार कमी विषय माझे असतात.

स्कोअरवही काका, तुम्ही बरोबर जागी बसलात, पण ५२ म्हणजे ५२ धरू नका. उठल्यावर पहिले आठ-दहा हातच सैल करायला असतात, कॅचर उभाच असतो. मग मी खाली बसायचो, मग हळूहळू जोर. खरे जोराचे शेवटचे पाच-सहा. तर तुमच्या शनिवारच्या ५२तले पूर्ण जोराचे असतील वीसेक. पण ही दिलासा देणारी गोष्ट नाहीये. तीन वेळा गरम, तीन वेळा थंड, तेही ४३मध्ये. माझ्या मिटमध्ये मला फरक कळायचा. पहिल्यांदा उठल्यावर चेंडू मिटच्या मधोमध 'टप्' येतो. तिसऱ्यांदा उठल्यावर तोच पोरगा, तोच वेग, पण चेंडू जरा खाली आणि बाहेर पडतो आणि मी तो ओढून घेतो. बंदूक ९२च दाखवते. मिट खरं सांगतं. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी वीस वर्षांचा होतो आणि मला फुकट बूट मिळत होते.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षी नवीन पिचिंग कोच आला. त्याने बुलपेनच्या दाराला पांढरा फळा लावला. नावं, चेंडू, आणि एक रकाना: 'उठला'. नियम त्याचाच होता, पुस्तकातला नव्हता. दोनदा उठला की एक तर आत जायचं, नाही तर त्या दिवशी हात मोकळा. तिसऱ्यांदा उठवायचं नाही, मॅनेजर ओरडला तरी. आणि दोनदा उठून न खेळलेला दिवस खेळलेला धरायचा, दुसऱ्या दिवशी त्याचं नाव शेवटी. पहिल्या महिन्यात आम्ही दोन सामने त्यामुळे हरलो असू. पोरं चिडली, सगळ्यांनाच टाकायचं असतं.

चमत्कार झाला असं म्हणत नाही. पुढच्या वर्षीही एकाचं कोपर गेलंच. पण फ्रेशमन पोरं एप्रिलमध्ये फेब्रुवारीसारखी टाकायची, हे मी माझ्या डाव्या तळव्यावर सांगू शकतो. अजून तिथे गाठ आहे.

एक सुचवू? कोचला आकडे घेऊन भेटू नका. कुणालाही स्टँडमधला माणूस वही घेऊन आलेला आवडत नाही. तुमच्या बुलपेन कॅचरला गाठा. सामन्यानंतर सगळे गेल्यावर तो चेंडू बादलीत भरत असतो. त्याला सगळं माहीत असतं.

---

फिजिओताई

जाळीमागचा, 'उठला' हा रकाना मी चोरतेय.

एकच भर. बसल्यावर थंड होऊ देणं हाच अर्धा घोळ आहे. हुडी पुरत नाही. दोन उठण्यांच्या मध्ये रबरी पट्ट्यांवर हलकं काम, दर इनिंगला उभं राहून पाय मोकळे करणं, एवढं तरी हवं. आणि उठवलेल्या पण न खेळलेल्या पोराचीही त्या रात्री खेळलेल्यासारखीच देखभाल. ट्रेनर बहुतेक वेळा बॉक्स स्कोअर बघून यादी करतो, त्यामुळे तुमचा डावखुरा त्या यादीत येतच नाही.

---

स्कोअरवही

गाठलं.

बादलीवाला मुलगा ज्युनियर आहे, इंजिनिअरिंगचा. आधी संशयाने बघत होता. मी वहीचं डावं पान दाखवलं. त्याने बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, "सहाव्यातले २१ नाहीत, २३ आहेत. दोन तुम्ही विमान बघत होतात तेव्हा गेले." खरंच, त्या वेळी एक विमान फार खालून गेलं होतं.

तो म्हणाला की तो स्वतः फोनवर टिपून ठेवतो, सप्टेंबरपासून. कुणाला दाखवलंस का विचारलं, तर खांदे उडवले. मी फळ्याची गोष्ट सांगितली. जास्त काही बोललो नाही, बादली उचलायला मदत केली. भरलेली बादली चांगलीच जड असते.

काल मंगळवारचा सामना होता. सातव्या इनिंगला एका रनने पुढे, पहिल्या-दुसऱ्या बेसवर माणसं. हात वर झाला. डावखुरा उठला, हुडीची घडी, १४ चेंडू. इनिंग निभावली, बसला. पण या वेळी बाकावर नाही. पट्ट्या घेऊन कुंपणाशी उभा राहिला. नवव्याला पुन्हा हात वर झाला तेव्हा कॅचर मिट काखेत धरून डगआउटकडे चालत गेला आणि पिचिंग कोचशी काहीतरी बोलला. दहा सेकंदं असतील. कोचने फोनमध्ये बघितलं. मग एक सिनियर उठला, ज्याला मी फेब्रुवारीपासून टाकताना बघितलं नव्हतं. त्याने पहिल्याच बॅटरला वॉक दिला आणि माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी कोचला शिवी हासडली.

डावं पान: १४, उठला १, आत नाही. जिंकलो की नाही ते उजव्या पानावर आहे. शुक्रवारी पुन्हा बाकावर बसतोय.